वार्धक्य घरीच, पण कोणाच्या श्रमावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतमालाचे भाव, कामगार कायदे, सहकार या विषयांच्या पंगतीत 'घरातील वृद्धांची काळजी' हा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, त्यात पक्षाने काय करायचे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि त्याच नजरेने या प्रश्नाकडे पाहणार आहे. समाजाला एखादी सेवा हवी असते, कोणीतरी आपले श्रम खर्चून ती देत असते. त्या श्रमाचे मोल कोण चुकते करतो आणि कोण चुकवतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो समाजवादाचाही आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्रात हे प्रमाण दर शंभरामागे जवळजवळ दहा होते आणि त्यानंतर ते वाढतच गेले आहे. यांपैकी बहुतेकांची इच्छा एकच असते : आपल्या घरात, आपल्या माणसांत दिवस काढावेत. ही इच्छा सर्वस्वी रास्त आहे. परंतु ती पुरी होत नसेल तर त्याचे कारण काय? 'आजची पिढी बिघडली, संस्कार राहिले नाहीत' हे निदान व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते. ते सोपे आहे, कारण त्यात कोणाला काही द्यावे लागत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो आणि पाच-सहा महिन्यांनी परततो. मागे राहतात म्हातारे आईबाप, आणि पुष्कळदा त्यांच्याच भरवशावर ठेवलेली नातवंडे. यात संस्कारांची उणीव कोठे आहे? २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असता रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची घटली. तेथील तरुण मुंबईला गेले ते आईवर रुसून नव्हे, पोटासाठी गेले. आणि खुद्द मुंबईत, १९८२ च्या संपानंतर ज्या गिरणी कामगारांचे काम गेले व पुन्हा संघटित उद्योगात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा लाभ मिळण्याचे कारणच उरले नाही. वृद्धाला एकाकी करणारी शक्ती बाजाराची आहे. दोष मात्र सुनेच्या माथी मारला जातो.

आता घराच्या आत पाहू. वृद्धाला घरातला सर्वांत मोठा धोका पडण्याचा असतो. ओली मोरी, अंधारा जिना, उंच उंबरठा, न काढलेला मोतीबिंदू, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने येणारी भोवळ, रात्री लघवीला उठण्याची घाई, ही त्याची नेहमीची कारणे. खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. मग पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, आणि हिंडते-फिरते माणूस काही महिन्यांत हातचे जाते. उपाय मात्र साधे आहेत. संडासात व मोरीत धरायला भिंतीला दांडा, रात्रभर जळणारा बारीक दिवा, न घसरणारी चप्पल, वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या एकाच डॉक्टरला एकदा दाखवणे.

पण हा उपदेश ज्याचे स्वतःचे घर आहे त्याला लागू पडतो. चाळीच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक संडासात दांडा कोणी बसवायचा? झोपडपट्टीत रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न पिणाऱ्या म्हाताऱ्या बायका आपण पाहतो. त्यातून होणारे मूत्रमार्गाचे विकार हा त्यांचा निष्काळजीपणा नव्हे, तो नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा परिणाम आहे.

यापुढचा प्रश्न श्रमाचा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की घरातील विनामोबदला कामांत भाग घेणारी स्त्री त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करते, पुरुष ९७. मुले, आजारी व वृद्ध यांची शुश्रूषा करणाऱ्यांत स्त्रीची १३४ मिनिटे याखेरीज, पुरुषाची ७६. म्हणजे आपण ज्याला 'कुटुंबाने केलेली सेवा' म्हणतो, ती मुख्यतः सून, मुलगी आणि बायको यांनी केलेली असते. पुष्कळदा ती बायको स्वतःच सत्तरीची असते, आणि नवऱ्याला उचलताना तिचीच कंबर जाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमाची नोंद नाही. ज्या श्रमाची नोंद नाही त्याला रजा नाही, आणि त्याच्या वार्धक्याची तरतूदही नाही.

ज्यांना परवडते ते ब्यूरोकडून बाई आणतात. बारा तासांची पाळी, ब्यूरोचे कमिशन, भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी सुट्टी नाही. ती दुसऱ्याच्या आईला भरवत असते तेव्हा तिची स्वतःची आई घरी एकटी असते. मध्यमवर्गाच्या घरातील वृद्धांची सुरक्षितता अशा रीतीने गरिबाच्या घरातील वृद्धांकडून उसनी घेतलेली असते, हे आपण स्पष्टपणे बोलले पाहिजे.

आता शासनाचे काय? संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्यातील सार्वजनिक साहाय्याचे तत्त्व नमूद आहे. व्यवहारात, केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा २००६-०७ मध्ये दरमहा २०० रुपये ठरला. ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी तो तेवढाच राहिला. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली हे खरे. पण तेव्हाही उत्पन्नाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला २१,००० रुपयेच होती. म्हणजे सबंध कुटुंबाने दिवसाला ५८ रुपये मिळवले तर त्यातील वृद्ध निराधार नाही, असा हा हिशेब!

२००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क दिला. तो अवश्य असावा. मिळवत्या मुलाने आईला वाऱ्यावर सोडले तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. परंतु मुलगाच रोजंदारीवर असेल तर त्याच्यावरील हुकूमाने आईचे पोट भरत नाही. २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली रुग्णालयातील उपचारांसाठी पाच लाखांचे संरक्षण मिळाले. तेही स्वागतार्ह आहे. मात्र त्यातली विसंगती पाहा : खुब्याचे हाड मोडल्यावर सरकार खर्च करण्यास तयार आहे, ते मोडू नये म्हणून लागणारा दांडा, दिवा आणि घरी येणारी परिचारिका यांसाठी मात्र त्यात काही नाही.

'आपल्या गरीब देशाला हे झेपणार कसे?' असा आक्षेप येईल. जपानने २००० साली शुश्रूषा-विमा सुरू केला. निम्मा पैसा करांतून, निम्मा चाळिशीपुढील नागरिकांच्या वर्गणीतून. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत स्त्री-संघटना पुढे होत्या, कारण सासूसासऱ्यांची शुश्रूषा हे सुनेचे आजन्म कर्तव्य ही रूढी तेथेही होती. जपान श्रीमंत आहे म्हणाल, तर केरळ पाहा. २००८ मध्ये त्या राज्याने परिहार सेवेचे धोरण स्वीकारले, आणि ग्रामपंचायतींच्या आधाराने परिचारिका व स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. तेव्हा प्रश्न केवळ संपत्तीचा नाही, अग्रक्रमाचा आहे.

अशा सेवेने मायेचा ओलावा आटेल, ही भीतीही मला निराधार वाटते. उचलण्या-बसवण्याच्या कष्टांत कोणी वाटेकरी झाला, तर मुलीला आईजवळ दोन घटका स्वस्थ बसता येईल. मायेला वेळ लागतो, आणि तो वेळच आज श्रमिक कुटुंबाजवळ नाही.

म्हणून पक्षाने चार मागण्या धराव्यात. पहिली, किमान वेतनाच्या निम्म्याइतके सार्वत्रिक निवृत्तिवेतन; ही मागणी बाबा आढाव व अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने २०१२ पासून मांडली आहे. दुसरी, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातून व वॉर्डातून घरी जाणारी पगारी परिचारिका. आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर फुकटचे आणखी एक काम नव्हे. तिसरी, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर मंडळ, ज्यात मालकाकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी व रजा मिळेल. चौथी, सार्वजनिक संडासांत दांडा, दिवा आणि बसण्याची सोय.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी. कोणाचा निवृत्तिवेतनाचा अर्ज अडला आहे, कोणाचा हयातीचा दाखला राहिला आहे, कोणाचा मोतीबिंदू पिकला आहे, याची नोंद ठेवावी आणि आठवड्यातून एकदा त्या दारात जावे. आणि आपल्यातील पुरुष कार्यकर्त्यांनी सभेला निघण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : मी येथे भाषण ऐकत असता माझ्या आईला औषध कोण देत आहे? याचे उत्तर दररोज एकच असेल, तर समतेचे काम घरापासूनच सुरू करावे लागेल. पक्षाच्या कार्यक्रमात हे कलम यायला काही काळ लागेल. वॉर्डाची यादी मात्र येत्या रविवारीच सुरू करता येईल.