तिळाएवढे कारण

ग्वाल्हेरात थंडी पडू लागली की लष्करच्या बाजारात गजकाचे ढीग दिसू लागतात. तीळ आणि गूळ एकत्र करून, लाकडी मोगरीने कुटून खुसखुशीत केलेला हा पदार्थ म्हणजे मुरैना व ग्वाल्हेर या शेजारच्या गावांचा अभिमानाचा विषय. मुरैन्याच्या गजकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून लष्कर ही वस्ती उभी राहिली. तिच्यात रुजलेल्या मराठी घरांना तर संक्रांतीमुळे तीळ अधिकच जवळचा. 'स्नेह' या शब्दाचे तेल आणि प्रेम असे दोन्ही अर्थ होतात, आणि तिळात ते दोन्ही आहेत असे आपल्याकडे मानतात. अशा पदार्थाने एखाद्या बालकाच्या जिवावर बेतेल, ही कल्पनाच मनाला पटत नाही. आणि संकटाच्या वेळी घात होतो तो बहुधा या न पटण्यामुळेच.

एखाद्या घरी सव्वा वर्षाच्या मुलाचे बोरन्हाण चालले आहे, अशी कल्पना करावी. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओतलेली बोरे आणि चुरमुरे असा सारा थाट आहे. आत्या कौतुकाने तिळाच्या वडीचा कण त्याच्या जिभेवर ठेवते. पाचदहा मिनिटांत मुलाचे ओठ सुजतात, गालांवर व पोटावर गांधी उठतात, ते ओकते आणि मग विलक्षण गप्प होते. आजी म्हणतात, दृष्ट लागली, मीठमोहऱ्या आणा. काकू म्हणतात, पित्त उठले आहे, आमसुलाचे पाणी लावा. दोघींच्याही बोलण्यात मायाच असते. परंतु मुलाच्या छातीत घरघर सुरू झालेली असते, आणि ती कोणाच्या ध्यानात आलेली नसते.

या विकाराला ॲलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रचारात आणला. त्याआधी, १९०२ मध्ये, शार्ल रिशे व पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. समुद्रपुष्प नावाच्या सागरी जीवाच्या विषाची पहिली मात्रा पचवून धडधाकट राहिलेला कुत्रा काही आठवड्यांनंतरच्या अगदी अल्प मात्रेने थोड्याच वेळात मरण पावला. शरीर पहिल्या ओळखीने शहाणे व्हावे, ते उलट अधिक हळवे झाले होते. या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हळवे होण्याची ही क्रिया आता बरीच उलगडली आहे. जंतूंशी झुंजण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. काही मुलांच्या शरीरात अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाविरुद्धही आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि विशिष्ट पेशींवर दबा धरून बसतात. तेच प्रथिन पुन्हा पोटात गेले की त्या पेशी हिस्टॅमिन आणि इतर द्रव्ये एकदम बाहेर सोडतात. त्यामुळे कातडीवर गांधी येतात, घशाला सूज येते, श्वासनलिका आवळतात आणि रक्तदाब उतरतो. मुलाने पूर्वी तो पदार्थ कधीच खाल्लेला नसताना असे कसे घडावे? संशोधकांच्या मते, ज्यांना इसब आहे अशा मुलांच्या भेगाळलेल्या त्वचेतूनही ही पहिली ओळख होऊ शकते. घरातल्या धुळीत असलेले वा त्वचेला लावलेल्या तेलात उरलेले प्रथिनाचे अंश त्याला पुरतात.

केवळ चार गांधी उठल्या तर धावाधाव करण्याचे कारण नसते. मुलावर लक्ष ठेवावे व डॉक्टरांना दाखवावे. परंतु श्वास लागणे, आवाज बसणे, जीभ सुजणे, अंग गार व पांढरे पडणे, मूल मलूल होणे यांपैकी एकही चिन्ह दिसले, किंवा गांधींच्या जोडीला वारंवार ओकाऱ्या सुरू झाल्या, तर ती आणीबाणी समजावी. अशा वेळी उपाय एकच, आणि तो म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये ते शुद्ध रूपात मिळविल्याचे जाहीर केले. भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही त्याचा समावेश आहे. पित्तावरच्या गोळीने खाज थांबेल, पण आवळलेला घसा मोकळा होणार नाही. म्हणून १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा, अथवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे. ग्वाल्हेरात १९४६ मध्ये स्थापन झालेले गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेली जयारोग्य व कमलाराजा ही रुग्णालये आहेत. वाटेत मुलाला आडवे ठेवावे. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये वा चालवू नये. उतार पडल्यानंतरही काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो, म्हणून रुग्णालयातून घरी परतण्याची घाई करू नये.

एकदा असे घडले की घरात उलट टोकाची भीती शिरते. दूध बंद, अंडे बंद, शेंगदाणे बंद, आणि धाकट्या भावंडालाही तेच पथ्य! हेही योग्य नव्हे. २००० मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ॲलर्जीचा विशेष संभव असलेल्या मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत शेंगदाणे देऊ नयेत असे सुचविले होते. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेण्यात आला. पुढे लंडनमध्ये तीव्र इसब वा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बालकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना वर्ज्य केले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रारंभीच्या त्वचा-चाचणीत दोष न आढळलेल्या मुलांपैकी वर्ज्य करणाऱ्या गटात पाचव्या वर्षी १३.७ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली, खाणाऱ्या गटात अवघ्या १.९ टक्क्यांना. तात्पर्य, सिद्ध झालेला पदार्थ कटाक्षाने टाळावा आणि बाकीचे अन्न आनंदाने खाऊ द्यावे. कोणता पदार्थ दोषी, हे तर्काने नव्हे, तर तज्ज्ञांकडून तपासून ठरवावे. दूध व अंड्याची बाधा पुष्कळ मुलांमध्ये वयाबरोबर ओसरते. तिळाची व शेंगदाण्याची मात्र बहुधा टिकून राहते.

टाळणे बोलण्याइतके सोपे नाही. वेष्टनावर दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन आदींचा उल्लेख करण्याचे बंधन भारतात २०२० च्या नियमांनी घातले. त्या यादीत तिळाचे नाव नव्हते. अमेरिकेत मात्र २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला. शिवाय सुट्या गजकाला वेष्टन कोठले? चटणीत, लाडवात, भाकरीवर तीळ असतोच. म्हणून शाळेत, पाळणाघरात आणि नातलगांकडे मुलाच्या बाधेची नोंद लिहून द्यावी, आणि काय झाल्यास काय करायचे तेही त्याच कागदावर असावे.

सर्वांत अवघड भाग राहतो तो मनाचा. संक्रांतीचा तिळगूळ नाकारणे म्हणजे स्नेह नाकारणे, असे आपल्याकडे वाटते. 'एवढ्याशाने काय होते?' असे म्हणत कोणी वडीलधारे कण पुढे करतात, आणि आईला नकार देणे जड जाते. तो नकार तिच्या वतीने सासूबाईंनीच द्यावा, मामांनी द्यावा. त्या मुलाच्या हातावर तिळाऐवजी साखरफुटाणा किंवा एखादे बोर ठेवावे. सणाची गोडी त्याने उणी होत नाही.