तुरीन येथील कृतज्ञतेचा सण
(सुवर्णमहोत्सवाच्या सायंसभेंत केलेलें भाषण)



आज प्रातःकाळीं आपण उपकारस्मरणाचें मिस्साबलिदान अर्पण केलें, मिरवणूक निघाली, मुलांना मिठाई वांटली गेली, आणि आतां समारोपाचे दोन शब्द बोलण्याची आज्ञा उत्सवमंडळानें मला केली आहे. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास माझ्या अगोदरच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें सांगितला. त्याची पुनरुक्ति मी करीत नाहीं. मी आपणांस दूर इटली देशांतील एका अनाथ मुलांच्या घरीं घेऊन जाणार आहें. तेथेंही दरवर्षीं एक उत्सव होत असे, आणि उत्सव संपल्यावर मागें काय उरावें, हें त्या घरापासून शिकण्यासारखें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तुरीन शहर झपाट्यानें वाढत होतें. गवंड्यांच्या हाताखालीं काम करावयास, धुराडीं साफ करावयास खेड्यापाड्यांतून कोवळीं मुलें तेथें येत. काम मिळालें नाहीं कीं रस्त्यावर पडत, आणि रस्त्यावरून पुष्कळदां तुरुंगांत जात. संत जॉन बॉस्को त्या वेळीं तरुण धर्मगुरु होते. तुरुंगांतील मुलांना ते भेटले, तेव्हां बाहेर यांची काळजी वाहणारें कोणी असतें तर हीं येथें आलींच नसतीं, हा विचार त्यांच्या मनांत घर करून बसला. १२ एप्रिल १८४६ रोजीं, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशीं, वाल्दोक्को भागांतील पिनार्दी नांवाच्या गृहस्थाच्या भाड्यानें घेतलेल्या एका ठेंगण्या पडवींत त्यांनीं मुलांसाठीं प्रार्थनागृह उघडलें. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत त्यांची अठ्ठावन्न वर्षांची माता मार्गारीता आपलें खेडें सोडून मुलाच्या मदतीस आली. आपल्या लग्नांतील जपून ठेवलेलीं वस्त्रें व दागिने तिनें या कामीं वेंचले.

आतां एक गोष्ट मुद्दाम लक्षांत घ्या. डॉन बॉस्को यांनीं प्रथम कांहीं निराश्रित मुलांना गवताच्या माळ्यावर निजावयास जागा दिली, तेव्हां सकाळीं मुलेंही नव्हतीं आणि पांघरुणेंही नव्हतीं! दुसऱ्या कोणीं दाराला कायमची कडी लाविली असती. परंतु १८४७ च्या मे महिन्यांतील एका पावसाळी रात्रीं पंधरा वर्षांचा एक पोरका मुलगा नखशिखांत भिजून दाराशीं आला. सेझिया नदीच्या खोऱ्यांतून तो गवंडीकाम शोधीत आला होता. जवळचे तीन लिरे खर्च होऊन गेले होते. मातेनें त्याला शेकोटीपाशीं बसविलें, जेवूं घातलें, विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरांतच बिछाना केला. निजण्यापूर्वीं कष्ट, सचोटी आणि धर्म यांविषयीं तिनें त्याला चार शब्द सांगितले. सलेशियन संस्थांतून रात्रीं निजण्याअगोदर मुलांना जो छोटा उपदेश करितात, त्याचा उगम या प्रसंगांत मानितात. हें सर्व करून मातेनें स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप मात्र लाविलें! ती शहाणी बाई होती. तिनें कुलूप लाविलें खरें, परंतु तें मुलाला आंत घेतल्यानंतर.

अशा घराचा सण २४ जून रोजीं होई. बाप्तिस्मा करणारा संत योहान हा तुरीन शहराचा आश्रयदाता. आणि डॉन बॉस्को यांचें नांवही योहानच. म्हणून मुलें या दिवशीं आपल्या पित्याचा नामदिन साजरा करीत व त्याला कृतज्ञतेचा सण म्हणत. १८४९ सालीं कार्लो गास्तिनी आणि फेलिचे रेविल्यो या दोघां मुलांनीं आपल्या पोटाला चिमटा घेऊन व मिळालेले किरकोळ पैसे सांठवून चांदीचीं दोन लहान हृदयें विकत घेतलीं आणि डॉन बॉस्को यांना अर्पण केलीं. गास्तिनी हा न्हाव्याच्या दुकानांतला पोरका उमेदवार. ज्यांना स्वतःचें असें कांहीं नव्हतें, त्यांनीं दिलेली ही देणगी आहे.

१८५५ सालच्या सणाला डॉन बॉस्को यांनीं उलट बाजूनें देणगी देऊं केली. प्रत्येकानें आपणांस काय हवें तें चिठ्ठीवर लिहावें, आणि शक्य असेल तें मी देईन, असें ते म्हणाले. मुलेंच तीं! एकानें वर्षभर पुरेल इतकी मिठाई मागितली. परंतु तेरा वर्षांच्या दोमिनिक साव्यो यानें लिहिलें कीं, मला संत होण्यास साहाय्य करावें. हा मुलगा ९ मार्च १८५७ रोजीं, पंधरा वर्षें पुरीं होण्याआधींच, निवर्तला. आणि १९५४ सालीं पोप बारावे पायस यांनीं त्याला संतपद दिलें. त्याची मागणी पुरी झाली.

आणि ही कृतज्ञता घराच्या भिंतींच्या आंतच राहिली असें नाहीं. १८५४ च्या उन्हाळ्यांत तुरीनमध्यें पटकीची सांथ आली. शेजारी शेजाऱ्याला शिवेना. तेव्हां या घरांतील ४४ मुलें रोग्यांच्या शुश्रूषेस निघालीं, आणि त्यांपैकीं एकालाही रोगाची बाधा झाली नाहीं. पुढें १८७० सालच्या सणाला, घर सोडून पोटापाण्यास लागलेले जुने विद्यार्थी गास्तिनीच्या पुढाकारानें भेट घेऊन परत आले. माजी विद्यार्थ्यांच्या जगभर पसरलेल्या संघाचा आरंभ येथूनच झाला. ज्यांच्यासाठीं एकदां दार उघडलें, ते पुढें दुसऱ्यांचीं दारें ठोठावूं लागले.

बंधुभगिनींनो, ही कथा मी आजच सांगण्याचें कारण आहे, आणि तें सांगतांना मला संकोच वाटतो. कांहीं वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामीं असतांना, आमच्या निवासांत ठेवून घेतलेला एक मुलगा पितळेचीं भांडीं घेऊन पळून गेला. पुढच्याच पावसाळ्यांत दहा-बारा वर्षांचा दुसरा एक मुलगा तिन्हीसांजेला ओसरीवर येऊन उभा राहिला. मीं त्याला भात वाढला, दहा रुपये दिले आणि एस. टी. स्थानकाची वाट दाखविली. तो कोठला, पुढें कोठें गेला, हें मीं विचारलेंही नाहीं. त्या रात्रीं पाऊस फार पडला. मार्गारीतेचीं पांघरुणें चोरीस गेलीं, तरी तिनें दार उघडलें. माझीं भांडीं गेलीं, आणि मीं दार लाविलें. दर वर्षीं डॉन बॉस्को यांच्या सणाला उपदेश करावयास मी वेदीपाशीं उभा राहतों, तेव्हां तो मुलगा मला समोर दिसतो.

आज कायद्याप्रमाणें असें मूल आपल्या मर्जीनें ठेवून घेतां येत नाहीं. १०९८ या क्रमांकावर कळवावें लागतें, बालकल्याण समितीपुढें त्याला न्यावें लागतें, आणि मुलाच्या रक्षणासाठीं तें योग्यच आहे. परंतु समितीपर्यंत नेणारें कोणी पाहिजे. तोंवर जेवण, कोरडें वस्त्र आणि मायेचे चार शब्द देणारें कोणी पाहिजे. पुढें शाळेची फी भरणारें, सुटींत घरीं बोलावणारें, हात धरून धंदा शिकविणारें कोणी पाहिजे. हें काम कायदा करीत नाहीं. तें शेजाऱ्यानें करावयाचें आहे.

म्हणून माझी आपणांस एक विनंति आहे. मंदिराच्या दाराशीं एक पेटी ठेविली आहे. तुरीनच्या मुलांप्रमाणें आपणही एकेक चिठ्ठी लिहा. मात्र आपणांस काय हवें तें लिहूं नका, आपण काय देऊं शकतां तें लिहा. कोणी एका मुलाच्या पुस्तकांचा भार उचलील, कोणी आठवड्यांतून एक संध्याकाळ अभ्यास घेईल, कोणी शिवणयंत्रावर हात बसवून देईल. ज्यांच्यापाशीं कांहींच नाहीं, त्यांनीं गास्तिनीचें स्मरण करावें. पहिली चिठ्ठी मीं स्वतः टाकिली आहे. तींत एवढेंच लिहिलें आहे कीं, या निवासाचें दार रात्रीं ठोठावणाऱ्या मुलाला यापुढें कोणी वाट दाखविणार नाहीं.

पन्नास वर्षें परमेश्वरानें आपणांस सांभाळलें. त्याची परतफेड आपल्यानें होणें नाहीं. परंतु त्याच्या लेंकरांपैकीं एखाद्याला आपण सांभाळूं शकतों. पवित्र मरीया, ख्रिस्तीजनांची साहाय्यकारिणी, हिच्या विनंतीनें प्रभु आपणांस तें बळ देवो, आणि आपल्या घरांदारांवर त्याचा आशीर्वाद राहो. आमेन.