दुसऱ्या दिवसाची दृष्टी आणि विसाव्या वर्षाची



मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम भिंग बसवितात, तर चष्म्याचा नंबर घालविणाऱ्या शस्त्रक्रियेत पारपटलाची, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याची, वक्रता बदलतात. दोहोंचे यश दुसऱ्या दिवशी रुग्ण तक्त्यावरील किती ओळी वाचतो यावरून ठरविण्याची सवय वैद्यकाला जडली असली, तरी या शास्त्राचा इतिहास त्या सवयीच्या विरोधात जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी पारपटलाला आतील बाजूने छेद देऊन लघुदृष्टी कमी केली, आणि सुरुवातीचे निकाल उत्साहवर्धक होते. परंतु पारपटलातील पाणी सतत बाहेर टाकून त्याला स्वच्छ ठेवणारा पेशींचा आतला थर माणसात पुन्हा वाढत नाही, हे तेव्हा उमगलेले नसल्याने कित्येक रुग्णांचे पारपटल सुमारे वीस वर्षांनी सुजून धूसर झाले. पुढे सोव्हिएत संघात नेत्रतज्ज्ञ फ्योदोरोव यांनी बाहेरून आऱ्यांसारखे छेद देण्याची पद्धत रूढ केली; तिच्या अमेरिकेतील दीर्घ अभ्यासात दहा वर्षांनी ४३ टक्के डोळे एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक प्लस नंबरकडे सरकलेले आढळले. तोवर ती पद्धत जगभर पसरली होती, हे अधिक चिंताजनक.

ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांच्याबाबत नेमके उलट घडले. विमानाच्या काचेऐवजी वापरलेल्या पर्स्पेक्सचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत निरुपद्रवी राहतात हे पाहून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्याच द्रव्याचे भिंग बसविले; पर्स्पेक्स प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा अधिक वाकवीत असल्याने रुग्णाला मोठा मायनस नंबर आला, समव्यावसायिकांचा रोषही ओढवला, पण कल्पना टिकली.

दुसऱ्या दिवसाचे यश पुढे टिकते का, हा प्रश्न आज पदवी घेणाऱ्यांना वेगळ्या रूपात भेटेल, कारण तरुणपणी लेसिक, म्हणजे लेझरने नंबर घालविणारी शस्त्रक्रिया, करून घेतलेली पिढी आता मोतीबिंदूच्या वयात येत आहे. लघुदृष्टीसाठीच्या लेसिकमध्ये लेझरने पारपटलाचा पुढचाच पृष्ठभाग चपटा होतो, तर नेहमीचे मापनयंत्र पुढच्या व मागच्या वक्रतेचे प्रमाण ठरलेले मानून चालते. त्यामुळे लघुदृष्टीसाठी लेसिक झालेल्या पारपटलाची शक्ती प्रत्यक्षापेक्षा जास्त मोजली जाते, बसणाऱ्या भिंगाच्या जागेचा अंदाजही चुकतो, परिणामी कमी शक्तीचे भिंग निवडले जाऊन रुग्णाला प्लस नंबर येऊ शकतो. मागचा पृष्ठभाग मोजणारी यंत्रे आणि नवी सूत्रे यांनी ही चूक बरीच आटोक्यात आणली असली, तरी कधीही शस्त्रक्रिया न झालेल्या डोळ्याइतकी अचूकता अजून साधलेली नाही. लेसिकपूर्वीचा नंबर आणि पारपटलाची मापे लिहिलेला कागद येथे मोलाचा ठरतो, आणि तो बहुधा कोणाकडेच सापडत नाही. रुग्णाच्या हाती तो देणे हे लेसिक करणाऱ्याचे काम असून त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.