मोटारखान्याचे स्थलांतर
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या प्रसंगी व्याख्यान म्हटले म्हणजे धर्मग्रामाचा इतिहास, उपकारकर्त्यांची नामावली आणि पुढील संकल्प यांची अपेक्षा असते. ते सर्व आमच्याहून अधिक अधिकारी वक्ते सांगतील. आम्हांवर जे काम सोपविले आहे ते एका मोटारखान्याविषयी बोलण्याचे. विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते आम्ही पाहिले. त्यात वावगे काही नाही. प्रथम आम्हीही हसलोच होतो.

नांदेडच्या आपल्या बंधूंकडे जुन्या आवारात जीपगाडी ठेवण्याचा एक पत्र्याचा मोटारखाना होता. लांबी ३० फूट, रुंदी २० फूट, लोखंडी अँगलचे दहा खांब, पाच कैच्या, आणि वर २८ पत्रे. आवाराचा रस्त्याकडील पट्टा रस्तारुंदीकरणात जावयाचा ठरला, तेव्हा मोटारखाना पाडून भंगारवाल्यास द्यावा असा विचार झाला. त्याच सुमारास इकडे लातूरच्या बाजूस आम्हांस नवी जागा मिळाली होती. तीवर बोरीची झुडुपे व काळी माती यांवाचून काही नव्हते. मुलांचा अभ्यासवर्ग एका कुटुंबाच्या पडवीत भरे आणि स्त्रियांचा शिवणवर्ग कोठेच भरत नसे. नांदेडहून निरोप आला: ‘तुम्हांस हवा असेल तर उचलून न्या.’

निरोप सोपा, उचलणे कठीण. शिवाय आपल्याच धर्मग्रामात एक गंभीर मतभेद उत्पन्न झाला, तो येथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे पडले की, ज्युबिलीच्या वर्षी नव्या जागेवर पहिली वास्तू उभारावयाची ती दुसऱ्याच्या गाडीची खोली असावी काय? लोक काय म्हणतील? दुसरे म्हणत, गाठीस आहे तो पैसा नव्या भिंतींत घातला तर भिंतीच होतील, शिवणयंत्रे यावयाची नाहीत. दोन्ही पक्ष मनापासून बोलत होते. तीन रविवार ही चर्चा मिस्सेनंतर अंगणात चालली.

ती चर्चा मिटविली एका वृद्ध बाईने. त्या किल्लारीकडच्या एका खेड्यातून कुटुंबासह इकडे आलेल्या. त्यांनी एवढेच विचारले, ‘वर दगडमाती नाही ना? पत्राच आहे ना?’ अंगणात क्षणभर कोणी बोलेना.

तरुण मंडळींस ह्या प्रश्नाचे मर्म कळावे म्हणून थोडे सांगतो. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरास पहाटे चारला काही मिनिटे कमी असता भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद हे जिल्हे हादरले. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली; काही नोंदी दहा हजारांजवळचा आकडा देतात. धक्का ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम. तरी एवढा संहार का व्हावा? कारण आपली घरे. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, आणि त्यांवर माळवद, म्हणजे लाकडी तुळ्यांवर पसरलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते. आमचे पूर्वज काही मूर्ख नव्हते. परंतु त्या भिंतीचा आतला पदर आणि बाहेरचा पदर यांस बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. हादरा बसताच दोन्ही पदर फाटले आणि वरची माती निजलेल्यांच्या अंगावर आली. भूकंपाचा जोर वास्तूच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. जड घर अधिक ओढले जाते, हलके कमी.

ह्याच संहारातील एक गोष्ट आमच्या विषयास फार जवळची आहे. पुष्कळ ठिकाणी दगड ढासळले तरी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, तेव्हा लोकांनी ढिगाऱ्यातून खांब, तुळ्या, चौकटी काढून गाडीवर घातल्या आणि बरोबर नेल्या. नवे गाव सरळ रेषांच्या रस्त्यांचे, नवे घर सिमेंटचे. पण दाराची चौकट आजोबांच्या वेळची. सुरुवातीस निवाऱ्यासाठी दिलेल्या पत्र्यांच्या शेडींचेही तसेच झाले. त्यांचे पत्रे पुढे कित्येकांच्या गोठ्यांवर आणि कडब्याच्या कोठारांवर चढले. आम्ही मोटारखाना उचलला तेव्हा काही नवे केले असे नाही. ह्या भागातील माणसास मोडलेली वास्तू वाहून नेऊन पुन्हा उभी करणे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

वास्तविक थोरामोठ्यांच्या वास्तूही अशा हलल्या आहेत. पुण्यास कोथरूड येथे असलेल्या मस्तानीच्या महालाचे अवशेष दिनकर केळकर यांनी आपल्या संग्रहालयात आणून तेथे महाल पुन्हा रचविला. राजा दिनकर केळकर संग्रहालयात तो आजही पाहावयास मिळतो. आपल्या गोव्यात, पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव देवालयाची मोठी घंटा मूळची जुन्या गोव्यातील ऑगस्टिनी मठाची; तो मठ ओस पडल्यावर ती प्रथम आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ साली पणजीस आली. आणि इटलीतील लोरेतो येथील पवित्र घराची परंपरा तर आपणांस माहीतच आहे. नाझरेथचे ते घर देवदूतांनी वाहून आणले असे भाविक सांगतात. त्याचा स्मरणदिन १० डिसेंबर. आम्हांस देवदूत मिळाले नाहीत. एक ट्रक मिळाला, तोही दोन फेऱ्यांचे भाडे घेऊन.

आता कामाचे सांगतो, कारण इतर धर्मग्रामांवर असा प्रसंग आल्यास त्यांस उपयोग व्हावा.

पहिला प्रश्न कायद्याचा. वास्तू जमिनीस जोडलेली असते तोवर ती स्थावर. उतरविली की तिचे लोखंड आणि पत्रे जंगम. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकावयाची अथवा देऊन टाकावयाची तर १९५० च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. सबब, वकिलांच्या सल्ल्यावाचून एक खिळाही काढू नये. आणि नव्या जागी उभारणी करताना ‘जुनीच वस्तू आहे’ असे म्हणून चालत नाही. सामान जुने असले तरी बांधकाम नवेच ठरते आणि त्याची परवानगी घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न उतरविण्याचा. आमच्या मिस्त्रींनी प्रथम तैलरंगाने प्रत्येक खांबावर, कैचीवर आणि पत्र्यावर क्रमांक घातले व वहीत आराखडा काढला. गंजलेल्या नट-बोल्टांवर आदल्या रात्री डिझेल सोडले; सकाळी निम्म्याहून अधिक पान्याने सुटले. पत्रे शेवटी चढवलेले प्रथम काढावयाचे, मग वासे, मग कैच्या, आणि खांब सर्वांत शेवटी. खाली तीन फूट उंचीची विटांची भिंत होती. चुन्यात अथवा मातीत बांधलेली वीट मोकळी होते. सिमेंटमधली मात्र मोडते. ती भिंत तेथेच सोडून दिली. आपला मोटारखाना लोखंडी पत्र्याचा होता म्हणून बरे. सिमेंटचे अॅस्बेस्टॉस पत्रे असते तर आम्ही त्यांस हात लावला नसता. ते फोडताना-कापताना उडणारी धूळ फुफ्फुसास घातक असते.

येथवर सर्व नीट झाले, आणि मग आम्हीच घोटाळा केला. संध्याकाळ होत आली होती, ट्रकवाला तगादा लावीत होता. काँक्रीटमध्ये रुतलेले खांब खणून काढण्याऐवजी आमच्यापैकी एकाने गॅसने जमिनीलगत कापण्याचे सुचविले आणि आम्ही सर्वांनी मान डोलावली. दहा खांब दहा निरनिराळ्या उंचींवर कापले गेले! सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब यांत साडेतीन इंचांचा फरक पडला. नव्या जागी प्रत्येकास खाली जोड देऊन, चौकोनी पट्टी वितळजोड करून, सर्व एका पाणसळीत आणावे लागले. त्या जोडकामास उतरविण्याच्या मजुरीपेक्षा अधिक खर्च आला. जे एका तासात वाचविले ते चार दिवसांत फेडले.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या मार्गाने माल आला. अहमदपूरच्या पुढे एका हॉटेलावर चहास थांबलो असता, ‘काय नेता?’ असे कोणी विचारले. ‘शाळा,’ असे आमच्यातील एका लहान मुलाने उत्तर दिले. त्यास दुरुस्त करण्याचे कोणास सुचले नाही.

सर्वांत अधिक काळजी जमिनीची होती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत हात जाईल इतकी. तीवर उथळ पाया घातला तर वास्तू दरवर्षी वर-खाली होते. चाचणीचा खड्डा घेता साडेचार फुटांवर मुरूम लागला. दहाही खांबांचे पाये तेथवर नेले. फरशीखालची माती दोन फूट काढून मुरूम भरला, पाणी मारून चोपला आणि मग काँक्रीट घातले. हा खर्च वरच्या लोखंडाच्या सर्व खर्चाहून जास्त झाला. ज्यांनी ‘जुनी वास्तू फुकट मिळाली’ असे म्हटले होते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. तिचा पाया काही फुकट मिळत नाही.

भूकंपाविषयी आणखी एक बोलावयाचे आहे. १९९३ पूर्वीच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली भारतीय मानकात फेर होऊन तो तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला. हलकी वास्तू म्हणून आपण निर्धास्त असावे, असे नाही. हलकी वास्तू भूकंपात टिकते, पण वाऱ्यात उडते. म्हणून खांब पायांतील लांब बोल्टांनी जखडले आणि कोपऱ्यांच्या गाळ्यांत तिरप्या पट्ट्या मारल्या. जुन्या मोटारखान्यात त्या नव्हत्या. खांबाला ओळंबा लावून मिस्त्रींनी पट्ट्या ओढल्या तेव्हा सांगाडा टणक झाला. हाताने हलविला तर पूर्वी कुरकुरे, तो आता मुका झाला.

२८ पत्र्यांपैकी १८ छपरास योग्य निघाले. बाकीचे १० गंजामुळे भिंतींस लावले आणि छपरासाठी तितकेच नवे घेतले. जुनी छिद्रे पन्हळीच्या माथ्यावर ठेवून डांबरी वॉशर बसविले, कारण छिद्र पन्हळीच्या खोलात आले की पाणी गळालेच. पत्र्यांचा पडदा पश्चिमेच्या पावसाकडे तोंड करून उघडा राहणार नाही, अशा बेताने एकावर एक चढविले. उष्म्यासाठी वरून चुन्याची सफेदी दिली. ती दर मार्चमध्ये पुन्हा द्यावी लागेल. आढ्याखाली वारा वाहावा म्हणून फट ठेवली. तथापि मे महिन्यात दुपारी आत बसणे कठीण आहे, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. वर्ग सकाळी व सायंकाळी भरतात.

छपराचे पाणीही आम्ही सोडले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले होते. ते दिवस विसरण्याजोगे नाहीत. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. आपले छप्पर सुमारे ५६ चौरस मीटरचे. वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ३९ हजार लिटर होतात. गळती आणि पहिल्या पावसाचे मळकट पाणी वजा जाता ३० हजार तरी हाती यावे. पन्हळ लावून ते टाकीत घेतले आहे, आणि टाकी भरल्यावर उरलेले विंधन विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात जाते.

नांदेडच्या मोटारखान्यातील शहाबादी फरश्याही आणल्या होत्या. त्यांवर वंगणाचे काळे डाग. सोडा लावून घासले, गेले नाहीत. शेवटी उलट्या करून पडवीत बसविल्या. शिवणवर्गातील मुली सांगतात की भर उन्हात अजूनही किंचित पेट्रोलचा वास येतो. आम्हांस येत नाही. कदाचित वयाचा परिणाम असेल.

ज्या वडीलधाऱ्यांचा विरोध होता, त्यांपैकी दोघे आता सायंकाळी अभ्यासवर्गात मुलांस गणित शिकवितात. त्यांचे मत बदलले असे मात्र समजू नये. पक्के सभागृह व्हावयास हवे असे ते दर आठवड्यास आम्हांस बजावतात, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. वाचलेल्या पैशातून सहा शिवणयंत्रे आली. त्या वृद्ध बाई तेथे रोज येतात. शिवणकाम त्यांस येत नाही. दाराशी, तिसऱ्या क्रमांकाच्या खांबाजवळ खुर्ची घेऊन बसतात. पहिल्या पावसाची सर पत्र्यावर वाजू लागली त्या दिवशी सर्व मुली कानांवर हात ठेवून बाहेर पडवीत आल्या. बाई आतच बसून राहिल्या.

पश्चिमेकडील पन्हळीचा एक सांधा अद्याप गळतो. जूनपूर्वी तो बसवावयाचा आहे. ज्यांस वितळजोड येते अशांनी सभेनंतर आम्हांस भेटावे.