उद्या आमचे पान मांडू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'प्रवासातले अनुभव' सांगायला उभे केले आहे. अलास्काच्या हिमनद्यांचे फोटो मी तुम्हा सर्वांना एकदा नव्हे, दोनदोनदा दाखवले आहेत, तेव्हा आज त्यांतून तुमची सुटका. आज मी बोलणार आहे ती बोटीवरच्या रात्रीच्या जेवणाबद्दल, आणि तेही जेवायला न जाण्याबद्दल. हसू नका! आपल्यातल्या पुष्कळजणी आता मुलांकडे परदेशी जातात आणि मुले हौसेने क्रूझवर नेतात. माझ्या हातून जी चूक झाली ती तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी सांगते.

२०२३ च्या जून महिन्यात लेक-जावयांनी आम्हा दोघांना सिअ‍ॅटलहून सात दिवसांच्या सफरीला नेले. बोटीवर जेवणाच्या दोन तऱ्हा असतात. वरच्या मजल्यावर बुफे. केव्हाही जावे, हवे ते घ्यावे, खिडकीशी बसावे. आणि खाली मोठे जेवणघर. तिथे रात्री दोन पंगती. पहिली संध्याकाळी साडेपाच-सहाला, दुसरी आठच्या सुमारास. तुमच्या पंगतीची वेळ नि टेबलाचा नंबर आधीच ठरलेला. सातही दिवस तेच टेबल, तेच शेजारी, वाढायला तोच वेटर आणि त्याचा तोच मदतनीस.

आमचे टेबल आठजणांचे. आम्ही चौघे, टेक्सासचे एक मध्यमवयीन जोडपे, आणि ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ. पत्नीबरोबर ते दर दोन-तीन वर्षांनी अशा सफरीला येत. ती आदल्या वर्षी वारली. या खेपेला एकटेच आले होते. आठवी खुर्ची रिकामी होती. वेटर निघाला मडगावकडचा! पहिल्याच रात्री त्याने मला "मावशी" म्हटले आणि मी विरघळले. त्याला म्हटले, "बाबा, ते सॅलड नि उकडलेल्या भाज्या मला रोज चालायच्या नाहीत." तो म्हणाला, "एक दिवस आधी सांगत जा, डाळ-भात-भाजी मी मुदपाकखान्यातून करून घेतो." मी लगेच तिसऱ्या दिवसाची डाळ सांगून टाकली.

तिसऱ्या दिवशी बोट जूनोला लागली. दिवसभर हिमनदी पाहिली, पाय दुखले. तिकडे जूनमध्ये रात्री नऊलासुद्धा ऊन असते, त्यामुळे घड्याळावर विश्वास बसत नाही. लेक म्हणाली, "आई, आता कपडे बदलून खाली कोण जातंय? वरच खाऊ." गेलो, खाल्ले, झोपलो. कोणाला कळवायचे असते हे माझ्या डोक्यातही आले नाही. पैसे भरले आहेत, जेवलो तर जेवलो, नाही तर नाही!

चौथ्या रात्री टेबलाशी गेलो तर वेटरने हळूच विचारले, "मावशी, काल बरं नव्हतं का?" त्याची तक्रार नव्हती. पण मी खोदून विचारल्यावर कळले ते असे. टेक्सासच्या जोडप्याचा बाहेर जेवायचा बेत होता आणि त्यांनी पहिल्याच रात्री वेटरला तसे सांगून ठेवले होते. आम्ही काहीच सांगितले नव्हते. म्हणून ते वृद्ध गृहस्थ आठ खुर्च्यांच्या टेबलाशी एकटे बसून राहिले. वेटर दोनदा ऑर्डर घ्यायला आला, दोन्ही वेळा त्यांनी त्याला थांबवले. म्हणाले, "त्या भारतीय बाईंनी डाळ सांगितली आहे, त्या येतील." अर्धा तास गेला. अखेर त्यांनी नुसते सूप घेतले आणि उठून गेले. डाळ झाकून ठेवली होती ती तशीच गेली.

मैत्रिणींनो, श्रावणात आपण सवाष्ण सांगतो. नैवेद्य झाला, पाने मांडली, आणि सवाष्णीचा पत्ता नाही, असे झाले की आपण तिला पुढची पाच वर्षे विसरत नाही. मीही विसरलेली नाही; नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे. आणि तीच मी हजारो मैलांवर जाऊन एका म्हाताऱ्या माणसाला खोळंबत ठेवून आले.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "काही नाही, मला वाटलं तुम्ही आजारी पडलात." हे तर आणखीच लागले.

मग मी हेडवेटरला गाठून सगळे नीट विचारून घेतले. न येणे हा मुळी गुन्हाच नाही. बोट लागते, कुणाला मळमळते, कुणाला नटूनथटून जायच्या रात्री कोट चढवायचा नसतो (आमच्या ह्यांना तर कधीच नसतो), कुणाला नवराबायकोनेच जेवायचे असते. कारण कुणी विचारत नाही. फक्त आदल्या रात्री उठताना वेटरला आणि शेजाऱ्यांना सांगावे, की उद्या आमचे पान मांडू नका. त्याच दिवशी ठरले तर केबिनमधून फोन करून जेवणघराला निरोप द्यावा. उशीर झाला तर इतरांचे जे चालू असेल त्यातच सामील व्हावे. त्यांचे गोड आले असताना आपण सूप मागू नये. टेबलच नको असेल तर पहिल्याच दिवशी हेडवेटरला सांगून बदलून घ्यावे, रोज गैरहजर राहून नव्हे. आणि रोजची बक्षिसी बिलात धरलेली असते, ती 'आम्ही दोन रात्री आलोच नाही' म्हणून कापून मागू नये. ती बऱ्याच हातांत वाटली जाते, आणि वर बुफेतही ताटे कोणीतरी उचलतेच.

ज्यांना हे बंधन नकोच, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ठरलेली टेबले नि वेळा काढून टाकल्या, आणि आता बऱ्याच कंपन्या दोन्ही पर्याय ठेवतात. तिकीट काढतानाच मुलांना विचारा. मला विचाराल तर ठरलेले टेबलच घ्या. पुढच्या तीन रात्रींत त्या गृहस्थांनी आम्हाला जेवढे हसवले तेवढे आम्ही घरीसुद्धा हसत नाही.

शेवटच्या संध्याकाळी बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागते. परदेशी नोंदणीच्या बोटीला अमेरिकेच्या १८८६ सालच्या कायद्याप्रमाणे अशा सफरीत एखाद्या परक्या बंदरात जावेच लागते, म्हणून हा थांबा. आणि तो नेमका जेवणाच्या वेळी! लेकीने गाव पाहायचे ठरवले होते. या वेळी मी आदल्या रात्रीच सर्वांना सांगितले. वेटरचे पाकीट तेव्हाच त्याच्या हातात दिले, आणि हेडवेटरला विनंती करून आमच्या गृहस्थांची सोय शेजारच्या टेबलावर करवली. टेक्सासची मंडळीही त्यांच्याबरोबर तिकडे बसली.

सकाळी उतरण्यापूर्वी नाश्त्याला मडगावचा मुलगा भेटला. म्हणाला, "मावशी, काल आजोबांनी तुमची डाळ मागवली. तिखट लागली म्हणून तीन ग्लास पाणी प्यायले, पण वाटी पुसून खाल्ली."