राज्यसत्ता, कर आणि आमचा व्यवसाय
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सरकारने किती कामे अंगावर घ्यावीत आणि प्रजेकडून किती कर घ्यावा, हा प्रश्न अर्थपंडितांचा समजला जातो. तथापि सोनाराच्या घरात जन्मलेल्यांनी त्याचे उत्तर दूर शोधावयास नको. ते आमच्या ज्ञातीच्या अनुभवात आहे.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, परकीय चलनाची चणचण असता, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण जारी केले. १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. म्हणजे डागात शेकडा ५८ च्या आसपासच सोने राहणार. सोन्याची हौस कमी व्हावी आणि चोरटी आयात थांबावी, हा हेतू वाईट नव्हता. परंतु जेथे मंगळसूत्राच्या वाट्या आणि लेकीच्या पाटल्या हीच संसाराची अडीअडचणीची पुंजी, तेथे सोन्याची ओढ हुकुमाने आटत नाही. चोरटी आयात चालूच राहिली. थांबले ते गिऱ्हाईक, आणि विझल्या त्या कारागिरांच्या शेगड्या. काहींनी जीव दिल्याच्या बातम्याही त्या काळी आल्या. मग सरकारने पुनर्वसनाच्या योजना काढल्या. आधी हातचे काम काढून घ्यावयाचे आणि नंतर करदात्याच्या पैशातून मदत द्यावयाची, असा हा व्यवहार!

१४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली. पण १९६८ च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या आणि तपासण्या मागे ठेवल्या. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्री होते समाजवादी मधु दंडवते. तेव्हा हा वाद कोणा एका पक्षाचा मानण्याचे कारण नाही.

कराचीही गत तीच. सोन्यावरील आयातशुल्क जानेवारी २०१२ मध्ये शेकडा २ होते. ऑगस्ट २०१३ मध्ये ते १० झाले आणि २०२२ मध्ये १५. शुल्क जितके चढे, तितका चोरट्या आयातीचा नफा मोठा; आणि रीतसर माल घेणारा पेढीवाला तितकाच मागे पडतो. जुलै २०२४ मध्ये ते ६ वर आणले गेले, हे योग्यच झाले.

सरकार नकोच, असे आमचे म्हणणे नाही. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कने गिऱ्हाइकाला शुद्धतेची खात्री मिळते. वजन खरे असावे, कस खरा असावा, फसवणुकीस शासन व्हावे, ही राज्याचीच कामे होत. मात्र कोणी काय घडवावे आणि कोणी काय ल्यावे, हे ठरविणे राज्याचे काम नव्हे. समाजाची पुष्कळ कामे समाजच करू शकतो. आपले नाना शंकरशेट यांनी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली, ती कोणत्याही सरकारी फर्मानाची वाट न पाहता.

म्हणून आमची मागणी इतकीच : कर थोडे व सोपे असावेत, नियम मोजके असावेत आणि लहान कारागिराचा दिवस कागदपत्रांत जाऊ नये, नाहीतर आमची मुले ऐरणीकडे फिरकणार नाहीत. पण त्याबरोबर एक जबाबदारी आपलीही आहे. पावतीवाचून व्यवहार करणाऱ्याला करकपात मागण्याचा अधिकार पोहोचत नाही. आपल्या वह्या स्वच्छ ठेवून आपण ही मागणी करू या. मग तिला कोणी स्वार्थी म्हणू शकणार नाही.