लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर? राहुरीच्या एका पोलोच्या निमित्ताने

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा. बोलताना जसं बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)

आज पाहुणा नाही, मी एकटाच आहे, आणि विषय असा आहे की गेल्या महिन्याभरात व्हॉइस नोटवर सगळ्यात जास्त वेळा तोच आला. त्यातली एक नोट राहुरीच्या एका मित्राची. तो म्हणतो, "दादा, २०१६ ची पोलो आहे, ऐंशी हजार किलोमीटर झालीये. खाली बसवायचीये. चाळीस हजार जमवलेत. लोअरिंग स्प्रिंग घालू का थोडं थांबून कॉइलओव्हरच घेऊ? रोज नागापूर एमआयडीसीला येणं-जाणं आहे आणि रविवारी घरचे असतात गाडीत."

या नोटमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटचा आहे, घरचे असतात गाडीत. त्याच्याकडे परत येतो.

आधी माझं सांगतो. मी चोवीस वर्षांचा असताना सेकंडहँड स्विफ्ट घेतली होती. एमएच १६, पांढरी. चाक आणि मडगार्डमधली ती मोठी फट बघून मला झोप लागायची नाही. शेवटी लोअरिंग स्प्रिंग घातल्या. शॉकअप? जुनेच. मेकॅनिक म्हणाला, "चालतंय की, लीक नाहीत." मलाही तेच ऐकायचं होतं, कारण पैसे संपले होते. पहिले पंधरा दिवस काय सांगू, स्वर्ग. पुणे रोडला सुप्याच्या पुढे गाडी कशी चिकटून चालायची! प्रत्येक पेट्रोल पंपावर उतरून वळून बघायचो.

मग दिवाळीत शिर्डीला निघालो. आई, वडील, मावशी, धाकटा भाऊ आणि मी. डिकीत पिशव्या. नगर-मनमाड रोड ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. राहुरीच्या पुढे एका ठिकाणी डांबराचे ठिगळ होते, एकावर एक. समोर उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मी थोडा बाजूला घ्यायला गेलो आणि नेमका मागचा भाग ठिगळावर आपटला. धाड! आणि गाडीचं बूड सरळ एक हात बाजूला उडालं. सरकलं नाही, उडालं. ट्रॉलीच्या मागच्या लोखंडापासून किती अंतर राहिलं ते मी आजही घरी सांगितलेलं नाही. वडील मागून एवढंच म्हणाले, "गाडी थांबव." दर्शन झालं, जेवण झालं, आणि परतीला वडील एसटीने आले. एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

नंतर गाडी वर घेतली तर मागचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले, आणि बंप स्टॉपचं रबर, म्हणजे शॉकअप पूर्ण दबल्यावर शेवटी जे टेकतं ना, त्याचा भुगा झालेला.

तर नेमकं झालं काय? इथे थोडं गणित आहे. पळून जाऊ नका, सोपं आहे.

समजा तुमच्या चाकाला वर जायला ७० मिलिमीटर जागा आहे आणि त्यानंतर ते रबराला टेकतं. आकडा समजण्यापुरता घेतलाय, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. तुम्ही गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली. आता जागा उरली ४०. खड्डा तोच, वेग तोच, म्हणजे मार तोच. तो मार स्प्रिंग किती जिरवणार हे तिच्या कडकपणावर अवलंबून आहेच, पण दबण्याच्या अंतराच्या वर्गावरही आहे. सत्तरचा वर्ग चार हजार नऊशे, चाळीसचा सोळाशे. भागाकार करा. तोच मार चाळीसमध्ये जिरवायला स्प्रिंग तिप्पट कडक पाहिजे! तिप्पट कडक स्प्रिंग घालून कुणी रस्त्यावर चालवू शकत नाही, म्हणून कंपन्या तशी देतही नाहीत. लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा थोडी कडक असते, बस. उरलेला मार रबर खातं. आणि रबराला टेकलं की त्या क्षणी सस्पेन्शन दगड होतं. दगड झालं की टायर रस्ता सोडतो. पाच माणसं बसलेली असली तर त्या चाळीसमधले बरेचसे आधीच खर्च झालेले असतात. माझी स्विफ्ट म्हणूनच उडाली.

त्यात दुसरी गोष्ट शॉकअपची. गाडीचं वजन स्प्रिंग धरते, पण दबलेली स्प्रिंग परत उसळी मारते ती आवरायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग कडक केली की उसळी जोरात येते, आणि सत्तर-ऐंशी हजार चाललेला शॉकअप मूळ स्प्रिंगलाच कसाबसा आवरत असतो. म्हणून हा जो प्रश्न आहे ना, स्प्रिंग की कॉइलओव्हर, तो मला अर्धवट वाटतो. शॉकअप कुठला आणि त्याला दबायला जागा किती उरते, हे आधी विचारा.

आपल्या नगरचं टँक म्युझियम बघितलंय का? १९९४ पासून आहे, शाळेच्या सहलीत सगळे जाऊन आलेत आणि सगळ्यांनी तोफेबरोबरच फोटो काढलेत. पुढच्या वेळी खाली वाकून चाकं बघा. सेंच्युरियनच्या चाकांच्या जोड्या स्प्रिंगवर आहेत, पॅटनमध्ये टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ खाणाऱ्या लोखंडी कांबी. पद्धत वेगळी, पण दोन्हीकडे खटाटोप एकाच गोष्टीसाठी, चाकाला वर जायला जागा मिळावी. पन्नास टनांच्या आसपासच्या रणगाड्याला जे सोडता आलं नाही ते आपण फोटोसाठी सोडतो. असो.

आता कॉइलओव्हर. नावात काही जादू नाही. शॉकअप आणि त्याच्यावर बसलेली स्प्रिंग असा एकच जोड, आणि शॉकअपच्या अंगावर आटे असतात. रिंग फिरवून उंची कमी-जास्त करता येते. खरं तर पोलोच्या आणि स्विफ्टच्या पुढच्या बाजूला कंपनीनेच शॉकअपवर स्प्रिंग दिलेली आहे, फक्त फिरवता येत नाही. आणि मागे तर या दोन्ही गाड्यांत स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. त्यामुळे "चारी बाजूंनी कॉइलओव्हर" घेतला तरी बहुतेक किटमध्ये मागे वेगळी स्प्रिंग, तिच्या खाली उंची बदलणारा तुकडा आणि वेगळा शॉकअप एवढंच येतं. बॉक्स उघडल्यावर फसवलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

चांगल्या कॉइलओव्हरचा खरा फायदा उंची फिरवण्यात नाही. त्यात शॉकअपच आखूड बनवलेला असतो, म्हणून गाडी खाली बसूनही दबायला जागा राहते, आणि स्प्रिंग नि शॉकअप एकमेकांसाठी बनवलेले असतात. काही किटमध्ये खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलते, म्हणजे स्प्रिंगला हात न लावता, आणि दबायची जागा तशीच राहते. पण स्वस्तातलं किट घेतलं, फक्त वरची रिंग फिरवून गाडी जमिनीला टेकवली, तर मघाचं चाळीसचं गणित इथेही आलंच. महागात आलं एवढंच.

तोटे पण ऐका. आपल्याकडे आठ महिने धूळ आणि चार महिने चिखल. ते आटे जॅम होतात. साफ करून, वंगण लावून ठेवलं नाही तर वर्षभरात रिंग हलत नाही. मग पैसे कशाचे दिले? वरच्या माउंटिंगला रबराऐवजी धातूचा बॉल जॉइंट असेल तर खडखड येते. आणि किंमत: बरं किट स्प्रिंगच्या सेटच्या तीन-चार पट सहज जातं.

तिसरा रस्ता आहे, त्याबद्दल कुणी विचारत नाही कारण त्याची रील बनत नाही. थोड्याच खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि त्यांच्यासाठी बनवलेले आखूड शॉकअप. बिल्स्टाइनचा बी-८ हा असाच शॉकअप आहे. तोच आयबाखच्या स्प्रिंगसोबत बी-१२ नावाने जोडून मिळतो. उंची एकदाच ठरते, फिरवायला काही नाही, जॅम व्हायलाही काही नाही. रोजच्या गाडीला माझं मत याला.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: स्प्रिंग कापू नका. गॅरेजमध्ये पाचशे रुपयांत ग्राइंडर मारून देतात. कापलेली स्प्रिंग चाक खाली लटकलं की जागेवरून सुटते, आणि चाक परत दबताना ती वाकडी बसली तर काय होईल याची कल्पना करा.

उंचीचं बोलू. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. तीस काढले, १३५. नियमातला गोल गतिरोधक, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा, १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो निघेल. पण आपल्या गावागावांत जो रात्रीतून डांबर ओतून झालेला असतो त्याला कुठलं माप? तिथे ऑइल चेंबर घासतो. चेंबर फुटला आणि ऑइलचा लाल दिवा लागूनही दोन किलोमीटर चालवलं, तर इंजिनचा खर्च पोलोच्या किमतीला जाऊन भिडतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला, दर बदलामागे, ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्ही एमएच १६ असा नाहीतर श्रीरामपूरचे एमएच १७, काम करायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या दिवशी सर्व्हेयर खाली वाकून बघतोच.

आता राहुरीच्या मित्रा, तुझं. चाळीस हजारांत चांगलं कॉइलओव्हर येत नाही, आणि वाईट घेऊ नको. तुझ्या गाडीचे शॉकअप ऐंशी हजार चाललेत, ते आधी बदल. वरची माउंटिंग, बंप स्टॉप, लोअर आर्मचे बुश बघून घे. मग एक काम कर. मेकॅनिकला सांगून शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय बांध, अंगाला टेकवून. रविवारी घरच्यांना घेऊन नेहमीच्या रस्त्याने जाऊन ये. शॉकअप दबेल तसा तो टाय वर सरकेल आणि तिथेच राहील. आत्ताच तो रबरापर्यंत पोचला असेल, तर तुझ्याकडे द्यायला एक मिलिमीटरही जागा नाही, गाडी आहे तिथेच ठेव आणि उरलेल्या पैशांचे चांगले टायर घे. जागा उरली असेल तर वीस मिलिमीटरच्या आतली स्प्रिंग, शॉकअपही त्याला जुळणारा. त्याहून खाली नको.

बसवताना दोन गोष्टी मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून करून घे. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. हवेत लटकलेली असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि सहा महिन्यांत फाटतो. आणि अलाइनमेंट त्याच दिवशी नको, आठवडाभर चालव, स्प्रिंग बसू दे, मग कर. हेडलाइटची दिशाही तेव्हाच बघ.

कॉइलओव्हर कुणी घ्यावं मग? ज्याच्याकडे घरच्यांसाठी दुसरी गाडी आहे, जो वर्षातून दोनदा का होईना कोइमतूरच्या कारी स्पीडवेसारख्या ट्रॅकवर जातो, आणि ज्याला दर पावसाळ्यानंतर आटे घासायचा कंटाळा नाही. असे लोक आहेत नगरमध्ये, मी ओळखतो, त्यांच्या गाड्या झकास चालतात.

माझी स्विफ्ट? मूळ स्प्रिंग परत घातल्या, चारी शॉकअप नवे. लोअरिंगच्या स्प्रिंग अजून माळ्यावर आहेत, वडील दर दिवाळीला साफसफाई करताना विचारतात, "हे भंगारात द्यायचं का?" आणि मी दर दिवाळीला "राहू द्या" म्हणतो.

टाय किती सरकला त्याचा फोटो पाठव रे. पुढच्या भागात टायरवरच बोलू, चाळीस व्हॉइस नोट पडल्यात. भेटू.